काटेवाली आणि गच्चीवरची सवत

"सवत आजारी पडलीय," ताईने फोनवर सांगितलं. "येऊन बघून जा."

काटेवाली तेव्हा दुकानात एका किराणावाल्याच्या वजनकाट्याच्या पोटात डोकं घालून बसली होती. फोन खांद्याने कानाशी धरून ती म्हणाली, "काय होतंय तिला?"

"मेलीच म्हण. मागच्या आठवड्यात वीज कडाडली ना, त्यानंतर हलत नाही, फिरत नाही. आणि ती पडली तसे तुझे भाऊजीही पडले. भिंतीकडे तोंड करून. जेवायचं का विचारलं तर भिंतीलाच हो म्हणतात."

सवत म्हणजे ताईच्या गच्चीवरची दुर्बीण. ती घरात आली त्याच दिवशी ताईने तिचं हे नाव ठेवलं होतं. नवरा संध्याकाळ झाली की जिच्याकडे जातो, पावसाची चाहूल लागली की जिच्या अंगावर पांघरूण घालायला धावतो, आणि जिच्याबद्दल बोलताना ज्याचा आवाज मऊ होतो, तिला दुसरं काय म्हणायचं, असा तिचा सवाल होता.

भाऊजींचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. काळोख्या उभ्या विहिरींत, ग्रीस लागलेल्या दोरांच्या मध्ये, दोन मजल्यांच्या अधेमधे कुठेतरी लटकून. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी दुर्बीण विकत घेतली, तेव्हा म्हणाले होते, "लोकांना वर पोचवून पोचवून मीच खाली राहिलो. आता सगळ्यात वरचा मजला बघू दे." पुढे वर्षभरात पाठीच्या मणक्याचं दुखणं निघालं आणि पाय गेले. गच्चीचा जिना, तोही फक्त एका मजल्याचा, त्यांच्यासाठी संपला.

पण मोटर आणि दोर यांच्यात आयुष्य काढलेला माणूस जिन्यापाशी हार मानत नाही. दुर्बिणीची नळी ज्या लोखंडी बुडावर बसते, ज्याला सगळे माउंट म्हणतात, त्यात मोटर होत्या. नळीच्या टोकाला डोळ्याच्या जागी छोटा कॅमेरा लावला. गच्चीवरून एक लांब वायर झरोक्यातून खाली खोलीत आणली आणि पलंगाशेजारच्या कॉम्प्युटरला जोडली. वायर आणि माउंट यांच्यामध्ये एक काळी डबी होती. कॉम्प्युटरची भाषा माउंटला आणि माउंटची कॉम्प्युटरला समजावून देणारी. या डबीच्या जोरावर भाऊजी पडल्या पडल्या आकाशात फिरत असत. आता ती डबी जळाली होती.

*

काटेवालीचं दुकान शिंपी आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मध्ये चेपलेलं आहे. इतकं अरुंद की तिला उठायचं असलं तर आधी स्टूल बाहेर ठेवावं लागतं. तिचे वडील लोखंडी तराजू दुरुस्त करायचे, वजनं घासून बरोबर करायचे. त्यांच्यामागे दुकान तिच्याकडे आलं तोवर तराजूंची पारडी जाऊन आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक काटे आले होते. ती ते शिकली. कुणाकडे, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "काट्यांकडेच. उघडून बघितलं, बिघडवलं, परत लावलं."

उघडून बघणं हा तिचा स्वभाव होता. लहानपणी तिने घरातलं घड्याळ उघडलं, शेजारच्यांचा रेडिओ उघडला आणि एकदा आईची शिवणाची मशीन उघडून अशी मांडून ठेवली की घरातल्या सगळ्यांना दोन दिवस उंबऱ्यावरून उडी मारून जावं लागलं. मोठेपणी या सवयीचा धंदा झाला एवढंच. भाऊजींची दुर्बीण मात्र तिने कधी पाहिली नव्हती. म्हणजे तिच्यातून पाहिलं नव्हतं. भाऊजी बोलवायचे. ती म्हणायची, "आकाशाला स्क्रू कुठे असतात, भाऊजी? उघडता येत नाही ते बघून काय करू?"

कामाची तिची एक रीत होती. कुठलाही काटा आला की खोलायच्या आधी ती तो मोकळा चालू करायची आणि हाताची घडी घालून नुसती बघत बसायची. रिकाम्या काट्याने शून्य दाखवायला हवं. शून्य दाखवून तो गप्प राहिला, तर दुखणं पुढे कुठेतरी आहे. काही ठेवलेलं नसताना तो काही सांगू लागला, तर दुखणं मुळातच. गिऱ्हाइकाची पूर्ण तक्रार ऐकण्याआधी ती शून्य ऐकायची. ही रीत तिच्या बोलण्यात उतरली होती. एखादा माणूस पटला नाही की म्हणायची, "त्याचं शून्य जागेवर नाही." लग्न का केलं नाही असं गल्लीतल्या बायकांनी खोदून विचारलं तर, "एकाचंही शून्य टिकेना," असं सांगून मोकळी व्हायची. बाजारात तिच्या शब्दाला वजन होतं. तिने काटा गेला म्हटलं की दुकानदार दुसऱ्या कुणाला दाखवायच्या फंदात पडत नसत, नवा घ्यायचे.

हे शेवटचं लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून घडलं.

*

ताईच्या घरी ती पोचली तेव्हा दुपार उतरत होती. भाऊजींची खोली लहान, खिडकी बारकी, पण छत उंच. पलंग बरोबर दुर्बिणीच्या खाली ठेवला होता. तो तिथे का ठेवला, हे ताईला ठाऊक होतं. माउंट फिरायला लागलं की स्लॅबमधून बारीक घुंईं असा आवाज खाली येतो. लिफ्टवाल्याचा कान. कुठली मोटर फिरतेय, किती भार आहे, कुठे अडतेय, सगळं त्यांना ऐकू यायचं.

"आली का काटेवाली," भाऊजी भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

"आले. पण तुमचं वजन करायला नाही. डबी कुठाय?"

"टेबलावर. उघडू नकोस उगाच. त्या कंपनीने ती बनवायचीच बंद केलीय. मी विचारलं. म्हणाले, आता नवी डबी नव्या माउंटबरोबरच येते."

"म्हणजे नवी सवत आणायची?" ताई दारातून म्हणाली. "एक पुरे. आहे ती बरी करा."

काटेवालीने तोवर डबी उघडलीच होती. जळका वास अजून आत कोंडलेला होता. हिरव्या पट्टीवर सोळा पायांची एक काळी चिप, तिच्या पाठीवर मोहरीएवढा खड्डा. बाजूचा एक कपॅसिटर तडकलेला. तिने डबी खिडकीपाशी नेली, डोळ्याजवळ धरली, लांब धरली. तिचा चेहरा एकदम लहान मुलीचा झाला.

"भाऊजी," ती म्हणाली, "हिला मी ओळखते."

"कुणाला?"

"या चिपला. माझ्या जुन्या काट्यांत हीच असते. काट्याचं वजन कॉम्प्युटरला सांगायचं काम करते. माझ्याकडे मेलेल्या काट्यांचा डबा भरलाय अशा चिपांनी."

भाऊजींनी मान वळवली. किती दिवसांनी, ते फक्त ताईला माहीत.

*

पुढचे दोन दिवस दुकानाचं दार अर्धं ओढलेलं होतं. शिंप्याने डोकावून विचारलं, "आज काटे नाहीत का?" तेव्हा आतून उत्तर आलं, "आज आकाश आहे." शिंप्याने किल्लीवाल्याकडे बघितलं. किल्लीवाल्याने खांदे उडवले.

मेलेल्या काट्यांच्या डब्यातून तिने चिप काढली. कपॅसिटर काढला. जुनी चिप गरम करून उपटली, पट्टी साफ केली, नवी बसवली, एकेका पायाला सोल्डर लावलं. हे झालं बरं करणं. पण तिला एक गोष्ट खुपत होती. वीज काही डबीवर पडली नव्हती. ती कुठेतरी लांब पडली आणि तिचा धक्का लांब वायरमधून धावत आला. वायर आहे तोवर धक्का येणारच. आज बरं केलं तर पुढच्या पावसात पुन्हा तेच.

मग तिने मोडक्या मोबाइल चार्जरची पिशवी उलटी केली. चार्जरच्या आत चार पायांचा एक काळा तुकडा असतो, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. कचऱ्यात जाणारी वस्तू. तो तिने काढून घेतला आणि माउंटकडून येणाऱ्या तारेच्या मध्ये, तार कापून, बसवला.

डबी बरी झाली की नाही हे बघायला तिने स्वतःच्या कामाचा काटा एका बाजूला जोडला, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप. काट्यावर पेचकस ठेवला. स्क्रीनवर त्याचं वजन उमटलं. कात्री ठेवली, उमटलं. हातातलं कडं काढून ठेवलं, चष्मा ठेवला. चष्म्याशिवाय आकडा दिसेना तेव्हा हसली आणि चष्मा उचलला. डबी बोलत होती.

डबी घेऊन ती ताईकडे गेली तेव्हा भाऊजी उशीला टेकून वाट बघत होते. दाढी केलेली होती. ताईने डोळ्यांनीच तिला ती दाढी दाखवली.

"हे काय घातलंस मध्ये?" भाऊजींनी डबी उघडीच हातात घेतली.

"त्याच्यात एक दिवा आहे आणि एक डोळा. बाहेरून दिसत नाहीत, काळोखात बंद आहेत. इकडून वीज आली की दिवा लागतो. समोरच्या डोळ्याला तो दिसतो, आणि तिकडून तो तसंच पुढे सांगतो. मध्ये तार नाही. दोघं एकमेकांना शिवत नाहीत. धक्का आला तर दिवा फुटेल, पण पलीकडे काही जाणार नाही."

भाऊजी बराच वेळ तो काळा दाणा बघत राहिले.

"म्हणजे लांबचा दिवा आणि त्याच्याकडे बघणारा डोळा," ते म्हणाले. "मध्ये नुसता काळोख. दुर्बीणच की ही."

"ही फुकटात मिळते," काटेवाली म्हणाली.

*

गच्चीवर ऊन होतं. दुर्बीण प्लास्टिकच्या आवरणाखाली उभी होती. काटेवालीने आवरण काढलं, माउंटला डबी जोडली, वीज सुरू केली. माउंटवरचा लाल दिवा लागला. दिवा लागण्यावर तिचा विश्वास नव्हता. तिच्या दुकानात दिवा लागणारे कितीतरी मुडदे पडून होते. तिने लॅपटॉप मांडीवर घेतला, तोच प्रोग्रॅम उघडला ज्यात पेचकसाचं वजन दिसलं होतं, आणि हाताची घडी घालून बसली.

काटा चालू झाला की तो बोलायला लागतो. शून्य, शून्य, शून्य. एका सेकंदात कितीतरी वेळा, कुणी ऐकत असो वा नसो. तिने तेवीस-चोवीस वर्षं हेच ऐकलं होतं. मग ती तशीच ऐकत बसली. स्क्रीन कोरी राहिली. तिने जोड हलवून बघितला. वीज बंद करून पुन्हा सुरू केली. स्क्रीन कोरी. कावळा येऊन कठड्यावर बसला, तिच्याकडे बघून गेला. ऊन पाठीवरून मानेवर आलं. यंत्राने एक आकडा सांगितला नाही.

खाली येऊन तिने भाऊजींच्या कॉम्प्युटरला वायर जोडली. त्यांनी त्यांचा प्रोग्रॅम चालवला. लाल अक्षरांत आलं, समोरून उत्तर नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "डबी चांगली आहे. मी माझ्या काट्यावर तपासलीय. तुमच्या माउंटच्या आतलं कार्ड गेलंय. वीज तिथपर्यंत पोचली असणार."

"हाताने फिरवायचा रिमोट असता तर कळलं असतं," भाऊजी म्हणाले. "जुनी घेतली तेव्हा तो नव्हताच सोबत."

"मी उघडून बघू माउंट?"

"त्याच्यात काय काट्याची चिप असणार आहे?" ते थोडं हसले. मग म्हणाले, "नको. तू म्हणतेस ना गेलं? मग गेलं. तुझं शून्य काही चुकत नाही."

आणि ते पुन्हा वळले. पाय हलत नव्हते म्हणून त्यांना वळताना पलंगाची कड धरून अंग ओढावं लागायचं. तो कडेचा करकर आवाज काटेवाली जिना उतरेपर्यंत ऐकत होती.

*

दोन दिवसांनी ताईचा फोन. "रविवारी सवत चालली."

"कुठे?"

"कॉलेजात. फिजिक्सचे सर आहेत ओळखीचे, त्यांना यांनीच फोन केला. म्हणाले, नळी तरी चांगली आहे, पोरं बघतील, इथे गंजून जाईल. टेम्पो घेऊन येणारेत दुपारी." मग ताई हळू म्हणाली, "मी खरं म्हणजे नाचायला हवं. इतकी वर्षं तिला शिव्या दिल्या. पण गच्चीवर ती नसली तर हे वर कशाला बघतील गं? मोकळं छत आणि हा माणूस. मला भीती वाटते."

ताई सहसा भीती वाटते असं म्हणत नसे. तिला राग यायचा, कंटाळा यायचा. भीती हा शब्द काटेवालीच्या कानात दिवसभर पडून राहिला, आणि त्याच्या शेजारी माउंटचा तो लाल दिवा. मुडद्याचा दिवा सहसा थोडा थरथरतो. हा थरथरत नव्हता. हे तिने तेव्हाच बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं.

शनिवारी तिला शहराबाहेरच्या भुईकाट्यावर जायचं होतं. अख्खा ट्रक ज्यावर उभा करतात तो जमिनीतला काटा. तक्रार किरकोळ होती, काट्याखालच्या एका खांबाच्या तारेचा जोड ओला झालेला. ती केबिनच्या पायरीवर बसून जोड वाळवत होती. तेवढ्यात वाळूचा ट्रक काट्यावर चढला. ड्रायव्हर खाली उतरून केबिनच्या खिडकीशी आला.

"अहो, बंद आहे तुमचा काटा. काहीच दिसत नाही."

"चालू आहे," आतला माणूस म्हणाला.

"मग आकडा कुठाय? माझ्या डोळ्यांना मोतीबिंदू झालाय का?"

"आकडा आपोआप नाही येत इथे. पूर्वी यायचा. ट्रक चढता चढता आकडे उड्या मारायचे आणि तुमच्यासारखे त्यातला पाहिजे तो धरून भांडायचे. आता मी बटण दाबून त्याला विचारतो, मग तो सांगतो. न विचारता बोलायचं नाही अशी शिस्त लावलीय."

"घरी पण हीच शिस्त का हो?"

"घरी मला लावलीय," केबिनवाला म्हणाला आणि बटण दाबलं. आकडा आला.

काटेवालीच्या हातातला ओला जोड तसाच राहिला. ही शिस्त या काट्याला तिनेच लावून दिली होती. स्वतःच्या हाताने, याच केबिनमध्ये, मागच्या उन्हाळ्यात.

*

दुकानात येऊन तिने आधी दार पूर्ण उघडलं. डबी ती येताना ताईकडून घेऊन आली होती. टेबलावर ठेवली, झाकण काढलं आणि तिला जे दिसायचं ते दिसलं.

डबीत दोन रस्ते होते. एक माउंटकडून कॉम्प्युटरकडे, बोलण्याचा. दुसरा कॉम्प्युटरकडून माउंटकडे, विचारण्याचा. काट्याच्या धंद्यात दुसरा रस्ता कुणी वापरत नाही. तो नुसता असतो. भुईकाट्याचं विचारणंसुद्धा बटणाच्या वेगळ्या तारेवरून जातं. त्यामुळे तिच्या हातांनी पहिला रस्ता बरा केला, त्यात दिवा आणि डोळा बसवला, पेचकसाचं वजन घेऊन तपासला. आणि दुसऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीटर लावून बघितला. मेलेला. चिपपासून निघालेली पट्टीवरची रेघ एका ठिकाणी केसाएवढी तुटून काळी झालेली.

म्हणजे वीज कडाडल्यापासून माउंटला कुणाचं विचारणं पोचलंच नव्हतं. तिने नाही, कारण ती ऐकत बसली होती. भाऊजींच्या प्रोग्रॅमने विचारलं होतं, पण त्याचा आवाज या तुटक्या रेघेपाशी संपत होता. आणि यंत्र तर विचारल्याशिवाय बोलणारं नव्हतं.

तिने एका फुटक्या इअरफोनच्या वायरमधली बारीक तार सोलून ती रेघ जोडली. आता दुसऱ्या रस्त्यावरही दिवा आणि डोळा हवा होता. चार्जरची पिशवी शोधली. उरलेल्या सगळ्या तुकड्यांचे दिवे मेलेले. तिने स्वतःच्या फोनचा चालू चार्जर भिंतीतून काढला, एक क्षण हातात तोलला आणि पकडीने फोडला.

शेवटी तिने डबीला लॅपटॉप लावला आणि माउंटकडच्या टोकाशी दोन्ही रस्ते एकमेकांना जोडले. म्हणजे जे विचारू तेच परत ऐकू यावं. लॅपटॉपवर एक अक्षर दाबलं. तेच अक्षर परत आलं. दोन्ही रस्ते वाहते होते. पण हे अजून स्वतःशीच बोलणं होतं.

*

रविवारी दुपारी ताईच्या दारात टेम्पो उभा होता. काटेवाली जिना चढून खोलीत आली तेव्हा डोक्यावर, गच्चीत, पान्याचा आवाज येत होता. प्रत्येक आवाजाला भाऊजी डोळे मिटत होते.

"भाऊजी, मी चुकले."

त्यांनी डोळे उघडले. ताई दारात थबकली.

"मी तिला विचारलंच नाही. नुसती ऐकत बसले. काट्यासारखी आपणहून बोलेल म्हणून. तुमचं माउंट गेलंय असं मी म्हटलं, त्याला काही आधार नव्हता. असेलही गेलेलं. पण मला ते माहीत नव्हतं, आणि माहीत असल्यासारखं मी सांगितलं."

भाऊजींनी उशीवरून मान उचलली. मग ताईला म्हणाले, "अगं, वर जा. सरांना म्हणावं, थांबा."

ताई ज्या वेगाने जिना चढली तो वेग तिच्या गुडघ्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. "अहो सर! बोल्ट काढू नका! सवत कुठे जात नाही!" हे खाली खोलीत ऐकू आलं. मग सरांचा गोंधळलेला आवाज, "कोण सवत?"

"काय विचारायचं असतं तिला?" काटेवालीने विचारलं.

"प्रोग्रॅम एक अक्षर पाठवतो. सारखं. खालच्या कोपऱ्यात दिसत राहतं. इंग्रजी ई पाठवलं की ती कुठे बघतेय ते सांगते."

वर सर दोन बोल्ट हातात घेऊन उभे होते. सावळे, घामेजलेले, उत्सुक चेहऱ्याचे. त्यांना काय चाललंय ते तिने चार वाक्यांत सांगितलं. त्यांनी बोल्ट खिशात टाकले आणि गुडघे टेकून तिच्या शेजारी बसले. "चला, बघू या."

डबी जोडली. वीज सुरू. लाल दिवा. या वेळी तिने हाताची घडी घातली नाही. एक बोट पुढे केलं आणि अक्षर दाबलं.

स्क्रीनवर एक ओळ उमटली. चार शून्यं, स्वल्पविराम, चार शून्यं.

"शून्य," सर म्हणाले. त्यांचा आवाज उतरला. "म्हणजे काही नाही?"

काटेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती तशी रडणारी नव्हती. "रिकामा काटा आहे, सर," ती म्हणाली. "आत्ता चालू झालाय. याने हेच सांगायला हवं."

तिने लॅपटॉप सोडवून खोलीत जाणारी लांब वायर डबीला जोडली आणि कठड्यावरून वाकून झरोक्याच्या दिशेने ओरडली, "भाऊजी! शून्य जागेवर आहे! तुम्ही चालवा!"

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माउंट घुंईं करून हललं. नळी हळूच, झोपेतून मान उचलावी तशी, उचलली गेली. सर मागे सरकले. मोटर थांबली. पुन्हा सुरू झाली, या वेळी दुसरी, जरा जाड आवाजाची. काटेवालीला कळलं की भाऊजी खाली स्क्रीनकडे बघत नाहीयेत. छताकडे कान लावून दोन्ही मोटर एकेक करून तपासताहेत.

"चंद्र निघालाय का बघ!" झरोक्यातून आवाज आला. "अर्धा असेल! पूर्वेला, घराच्या मागच्या पाण्याच्या टाकीवर!"

भर दुपारी चंद्र असतो हेच काटेवालीला नवीन होतं. तिने कपाळावर हात धरून बघितलं. टाकीच्या वर, निळ्यात, पुसट पांढरा अर्धा तुकडा. कुणी खडूने काढून हाताने पुसल्यासारखा.

"आहे!"

"मला दिशा सांग! तिला अजून काही माहीत नाही!"

मग काटेवाली नळीमागे उभी राहून ओरडत राहिली, डावीकडे, अजून, थोडं वर, पुढे गेलात, मागे या. आणि खाली न दिसणारा माणूस बटणं दाबत राहिला. आणि नळी त्या दोघांच्या आवाजामध्ये सरकत राहिली. सर मध्येच म्हणाले, "मी सांगू का?" ती म्हणाली, "थांबा हो, आत्ता कुठे जमतंय."

खाली ताई एकदम ओरडली. शब्द नव्हता, नुसता आवाज.

*

काटेवाली खोलीत आली तेव्हा स्क्रीन भरली होती. निळं, दिवसाचं आकाश, आणि त्यात खड्ड्यांचा, फिका, कडेला दातेरी असा चंद्र. हवेने थरथरत होता. सरांनी वाकून बराच वेळ बघितलं. मग खिशातले बोल्ट काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हे मी लावून जातो. पोरांना इथेच घेऊन आलो तर चालेल का?" भाऊजी म्हणाले, "जिना चढतील का?" आणि स्वतःच हसले.

टेम्पो मोकळा गेला. ताई म्हणाली, "बघ, कशी ठाण मांडून बसलीय. हिला घालवणं माझ्या नशिबात नाही," आणि पदराने स्क्रीनवरची धूळ पुसली.

काटेवाली उभीच होती. चंद्र स्क्रीनवरून हळूहळू सरकत होता आणि भाऊजी अधूनमधून बटण दाबून त्याला मध्ये आणत होते. दर वेळी छतातून बारीक घुंईं यायचं.

"भाऊजी," ती म्हणाली, "याचं वजन माहीत आहे का कुणाला?"

"आहे की."

"कसं काढलं? याला ठेवलं कशावर?"

"ठेवत नाहीत. त्याच्याभोवती काहीतरी फिरत सोडायचं, एखादं यान वगैरे. ते किती वेगाने फिरतं ते मोजायचं. चंद्र त्याला जितका ओढतो, त्यावरून कळतं किती जड आहे."

ती स्क्रीनच्या जवळ सरकली. "म्हणजे त्याला काट्यावर घ्यायचंच नाही. त्याच्याजवळ दुसऱ्याला सोडायचं आणि त्या दुसऱ्याचं काय होतं ते बघायचं."

"तसंच."

"आणि शून्य? आधी शून्य कुठलं धरलं?"

स्क्रीनवरचा चंद्र कडेला गेला, अर्धा बाहेर पडला, तरी भाऊजींचं बोट हललं नाही.

"हे मला कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "थांब. थांब जरा." मग ताईकडे बघून म्हणाले, "अगं, पाठीला ती दुसरी उशी दे. आणि हिला स्टूल. असं पडून नाही सांगता यायचं."